चार वाजता पंखा बंद

गेल्या महिन्यात आमच्या दुकानातला पंखा जळाला. दुकान म्हणजे बडोद्यात अलकापुरीतलं कानाच्या मशीनचं दुकान. मी तिथं कितीतरी वर्षं लोकांचे कान तपासते आणि मशीन बसवून देते. इलेक्ट्रिशियनने पंखा खाली उतरवला, त्याचं पोट उघडलं आणि एकदम हसला. "बेन, आ तो दिगुभाईनी मोटर छे. जुओ, गाठ."

तांब्याच्या वेटोळ्यातून बाहेर आलेल्या तारांना बारीक गाठी मारलेल्या होत्या. एकीला एक, दुसरीला दोन. वार्निशने सगळं काळं पडलं होतं, पण गाठी जशाच्या तशा होत्या. नवा पंखा लाव, पण ही मोटर इथंच राहू दे, असं मी त्याला सांगितलं. तेव्हापासून ती माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे आणि आमचे मालक एक दिवसाआड विचारतात, वंदनाबेन, हे भंगार कधी काढणार? त्यांना उभ्या उभ्या काय सांगायचं, म्हणून लिहायला बसले.

दिगुभाई म्हणजे दिगंबर शिर्के. घर नागरवाड्यात, घराखालीच मोटर भरायचं, म्हणजे वाइंडिंगचं दुकान. गल्लीतले मराठी लोक त्यांना दिगंबरराव म्हणत, आणि ते त्यांना मुळीच आवडत नसे. "दिगंबरराव म्हटलं की वाटतं, कोणीतरी नोटीस घेऊन आलंय," म्हणायचे. दुकान इतकं अरुंद की आत ते आणि मोटर एवढेच मावत. गिऱ्हाईक रस्त्यावर उभं. पाटीवरची अक्षरं उडून नुसतं 'मोटर' उरलं होतं. ते परत रंगवायची त्यांना गरज वाटली नाही, कारण आत मोटरशिवाय दुसरं काही नव्हतंच.

बुटकी, रुंद मूर्ती. चष्म्याची तुटलेली काडी वाइंडिंगच्या तारेने बांधलेली. अंगाला वार्निशचा वास. आवाज मोठा, म्हणजे समोरच्याच्या कपाळावर आपटेल असा. मोटरच्या दुकानात माणसं मोठ्यानेच बोलतात, असं मी धरून चालले. कान तपासण्याचा धंदा असलेल्या बाईने असं धरून चालायला नको होतं, पण ते पुढे येईल.

आधी तीस वर्षं त्यांनी मोटरच्या एका कारखान्यात टेस्टिंगला काढली होती. म्हैस बसावी एवढाल्या मोटरी दिवसभर चालवून बघायच्या, हे काम. तिथून निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना म्हणून हे दुकान. कारखान्यातून त्यांनी एक सवय बरोबर आणली होती. आली मोटर की चालू करायची, डिसमिसचं टोक (बडोद्यात स्क्रूड्रायव्हरला सगळे डिसमिसच म्हणतात) बेअरिंगच्या जागी टेकवायचं, मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. अर्ध्या मिनिटात निदान. एकदा मी तिथं असताना एक बेन घरघंटी घेऊन आल्या. दोन ठिकाणी त्यांना मोटर गेली म्हणून सांगितलं होतं. दिगुभाईंनी डिसमिस लावला, डोळे मिटले, उघडले. "मोटर साजी छे. नीचेना रबर बदली नाखो," म्हणाले आणि घरघंटी परत रिक्षात ठेवायला लावली. हातात आलेलं काम घालवल्याचं कोणी म्हटलं तर त्यांना कळायचंच नाही. मोटर बरी आहे याचा त्यांना खराखुरा आनंद व्हायचा.

गाठींचा शोध त्यांचा. ते 'शोध' असंच म्हणत, जराही न लाजता. तारांवर रंगीत नळ्या घालतात, पण उष्णतेने नि वार्निशने चार वर्षांत सगळे रंग तपकिरी होतात आणि पुढच्या माणसाला कुठली तार कुठली ते कळत नाही. म्हणून गाठी. "जाणाऱ्या टोकाला एक, येणाऱ्याला दोन. आंधळ्यालाही कळेल. वीज गेली तेवढी परत आली पाहिजे, नाहीतर मोटर फिरणार कशी?" हे ते प्रत्येकाला सांगत, विचारलेलं असो नसो. मला निदान दहादा सांगितलं असेल. शोध म्हणजे काय, तर वैतागावर इलाज, ही त्यांची व्याख्या. पंपाला पाणी लागलं नाही तर घंटा वाजवणारी पेटी, कूलरची मोटर उलटी फिरवून खोलीतली गरम हवा बाहेर फेकायची युक्ती, असे बरेच इलाज दुकानाच्या फळीवर पडलेले असत.

माझी त्यांची ओळख झाली ती एका भांडणातून. त्यांच्या पत्नी सुमनकाकी यांना वर्षानुवर्षं कमी कमी ऐकू येत चाललं होतं. कानातलं एक बारीक हाड घट्ट होत जातं, तशातला प्रकार. अशा माणसांना स्वतःचा आवाज आतून मोठा ऐकू येतो, त्यामुळे ती फार हळू बोलतात. काकीही तशाच. आमच्याकडून त्यांनी कानामागचं मशीन नेलं आणि महिन्याभरात दिगुभाई ते काडेपेटीत घालून घेऊन आले. मशीन चार तुकड्यांत होतं.

"हे उघडलं कोणी?" मी विचारलं.

"मी. तुम्ही उघडून दिलं नाहीत म्हणून. याला लावलं की सगळंच मोठं होतं. भांडी मोठी, हॉर्न मोठे, कुकर मोठा, आणि मी त्यात कुठेतरी. ती काढून ठेवते ड्रॉवरमध्ये. मला एकच सांग दीकरा, ही कॉइल इथं कशाला आहे?"

त्यांनी भिंगाखाली धरून दाखवलं. मशीनच्या पोटात तांदळाएवढी एक कॉइल होती, केसाहून बारीक तारेची. मी रागात होते, तरी सांगितलं. ती टेलिफोनसाठी. मशीनचं बटण 'टी'वर टाकलं की बाहेरचे आवाज बंद होतात आणि जवळच्या दुसऱ्या तारेत जो आवाज वाहत असेल तेवढाच या कॉइलला समजतो. हल्लीच्या नव्या मशीनमध्ये ती बहुतेक घालतही नाहीत.

दिगुभाईंनी भिंग आणखी जवळ नेलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे यात मोटरवाला बसलाय." आणि भिंग माझ्या हातात देऊन विचारू लागले, की ही तार भरली कोणी, हाताने का यंत्राने, किती वेढे. मला ठाऊक नव्हतं. कितीतरी वर्षं ती मशीनं विकत होते आणि मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

दोन आठवड्यांत त्यांनी इलाज तयार केला. तांब्याच्या तारेचे वेढे कापडी पट्टीत शिवून केलेला एक हार, तो काकींच्या गळ्यात. हारातून निघालेली तार साबणाच्या डबीत, डबीत जुन्या रेडिओचं पोट, आणि तिथून दुसरी तार दिगुभाईंच्या हातातल्या माइकपर्यंत. हे बोलणार, आवाज तारेतून हारात जाणार, हारातून कुठेही न टेकता काकींच्या कानातल्या कॉइलला कळणार. भांडी नाहीत, हॉर्न नाहीत. फक्त दिगुभाई. हाराच्या टोकांना गाठी होत्याच.

चाललं नाही. काकी म्हणाल्या, भुंगा ऐकू येतो. दिगुभाईंनी हार उसवून परत भरला. भुंगा. तिसऱ्यांदा वेढे बदलले. भुंगा. ते माझ्याकडे येऊन मशीनला नावं ठेवू लागले, मी त्यांच्या हाराला ठेवली. मग एका दुपारी काकी वैतागून मंगळसूत्रात अडकलेला हार सोडवत म्हणाल्या, "अहो, आधी तो पंखा बंद करा, वाऱ्यानं तार उडून सारखी अडकतेय."

पंखा बंद केला आणि भुंगा गेला. पंख्याच्या मोटरचा आणि रेग्युलेटरचा गुंजारव त्या हाराला आणि कॉइलला ऐकू येत होता. जन्मभर मोटरी ऐकलेल्या माणसाला स्वतःच्या डोक्यावरची मोटर सुचली नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. मला हसू आवरत नव्हतं.

तेव्हापासून चार वाजता पंखा बंद. दुपारी दुकान मिटलेलं असे ते पाचला उघडायचं, त्याआधीचा हा तास. पंखा बंद, फ्रिजची पिन काढलेली, आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात ते दोघं हिंचक्यावर (झोपाळ्याला इथं हिंचकाच म्हणतात) शेजारी शेजारी घामाघूम. दुसऱ्या कोणी नवरा-बायकोने एकमेकांशी बोलण्यासाठी एवढा उकाडा सोसला असेल असं मला वाटत नाही. मूल नव्हतं. नातेवाईक सगळे पुण्याकडे. बोलायचं म्हणजे एकमेकांशीच.

एकदा काकींच्या मशीनची नळी बदलायला मी गेले आणि नेमके चार वाजले. मी उठू लागले तर दिगुभाईंनी हाताने बसवलं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं हितगुज चालत असेल. ते सांगत होते, आज एक पंप आला, आत उंदराने घर केलं होतं, कागद कुरतडून गादी केली होती पठ्ठ्याने. काकी हसत होत्या, डोळे पुसेपर्यंत. मग त्या बोलल्या, त्यांच्या त्या हळू आवाजात, पुष्कळ बोलल्या. खालच्या वहिनी, कारेलीबागेतल्या डॉक्टरांची वेळ, आंब्याचं लोणचं. दिगुभाई त्यांच्याकडे बघत मान हलवत होते. "हं. बरोबर."

"मग बुधवारी जायचं की गुरुवारी?" काकींनी विचारलं.

"बरोबर," दिगुभाई म्हणाले.

काकींनी माझ्याकडे पाहिलं आणि जरा हसल्या. माझ्या घरीही नवरा असाच आहे, म्हणून मीही हसले. त्यात दुसरं काही असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

काकींना फोनवर बोलणं जमत नसे, पण निरोप बोलून पाठवता येतो हे कळल्यावर त्यांनी मला व्हॉइस मेसेज पाठवायला सुरुवात केली. बहुतेक बॅटरीचे. "वंदना, बॅटऱ्या संपल्या गं, एक पाकीट पाठव." दिवसाला असे चाळीस निरोप येतात. मी बॅटरी हा शब्द ऐकला की पाकीट पाठवून देई.

माघात काकी गेल्या. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी पहाटे संपलं. मी भेटायला गेले तेव्हा दिगुभाई हिंचक्याच्या एका बाजूला बसले होते, दुसरी बाजू रिकामी ठेवून. पंखा चालू होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "फ्रिजची पिन रोज काढायचो ना, गॅस गेला त्याचा."

होळीनंतर ते दुकानात आले. काडेपेटीत काकींचं मशीन होतं, या वेळी अखंड.

"हे माझ्या कानाला बसेल?"

मी म्हटलं, कानात बसणारा साचा नवा घ्यावा लागेल, आतलं सेटिंग तुमच्या कानाप्रमाणे बदलावं लागेल, आणि त्याआधी तपासणी. त्यांना खोलीत बसवलं, हेडफोन लावले, ऐकू आलं की बटण दाबा म्हटलं. खालच्या, भरड आवाजांना ते पटापट बटण दाबत होते. मी वरच्या, बारीक आवाजांकडे गेले तसं बटण थांबलं. मी आवाज वाढवत नेला. काचेपलीकडे ते शांत बसले होते, बटणावर अंगठा ठेवून, वाट बघत.

तपासणीच्या कागदावरची रेघ उतरत उतरत तळाला गेली. अशी रेघ दोन-चार महिन्यांत होत नाही. कारखान्यातल्या तीस वर्षांनी ती ओढली होती. पुरुषांचे आवाज त्यांना पोचत होते, मोटरी पोचत होत्या, आणि डिसमिसची मूठ हाडाला लावली की बेअरिंगची घरघर तर सगळ्यांआधी पोचत होती. हळू बोलणाऱ्या बाईचा बारीक आवाज मात्र पोचायला जागाच नव्हती. मला ते 'बरोबर' आठवलं.

"काका," मी बाहेर आल्यावर विचारलं, मोठ्याने, तोंडासमोर, "चार वाजता काकी बोलायच्या, ते तुम्हाला ऐकू येत होतं?"

ते हेडफोनची वायर गुंडाळत होते. नीट गुंडाळून झाल्यावर म्हणाले, "ती बोलायची. मी बघायचो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"दोघंही बहिरे म्हटलं तर तिनं बोलणं सोडलं असतं." मग स्वतःशीच मान हलवली. "एवढ्या मोटरी भरल्या दीकरा, एकीत चूक नाही. आणि घरात जाणारी तार तेवढी घातली. येणारी घालायची राहिली."

साचा तयार व्हायला आठ दिवस लागले. ते आले तेव्हा पिशवीत हार, साबणाची डबी, माइक सगळं होतं. मशीन बसवलं. नवीन मशीन लावलेल्या माणसाला मी नेहमी ओळखीचा आवाज ऐकवते, म्हणजे कान लवकर रुळतो. पण त्यांच्या घरात होतं कोण? तेव्हा मला काकींचे निरोप आठवले. ते मी पुसले नव्हते. ऐकवू का, म्हणून त्यांना विचारलं. ते उठले, त्यांनी आमचा पंखा बंद केला, एसी बंद केला, हार गळ्यात घातला आणि माइक माझ्या फोनजवळ धरला.

बाकीचे निरोप पाच-दहा सेकंदांचे होते. एक दोन मिनिटांचा होता, दिवाळीनंतरचा. त्यांना जरा जास्त ऐकायला मिळेल म्हणून मी तो लावला.

"वंदना, बॅटऱ्या संपल्या गं," काकी म्हणाल्या. एवढंच मी त्या वेळी ऐकलं होतं. पाकीट पाठवलं होतं.

"आणि दुसरं म्हणजे, यांना ऐकू येत नाही. माझं अजिबात येत नाही. नुसती मान हलवतात. परवा मी म्हटलं, अहो, घराला आग लागलीय, तर म्हणाले, बरोबर. मी सांगितलं तर ऐकणार कसे, म्हणून तुला सांगते. तू त्यांना बोलाव, तपास. तुझ्यापुढे मुकाट्यानं बसतील. मी रोज बोलते, पण भिंतीशी बोलल्यासारखं होतं गं. खोटं वाटतंय? थांब, तुला दाखवते. अहो, चहा टाकू का?"

त्यानंतर हिंचक्याच्या कड्यांचा आवाज. बराच वेळ तेवढाच.

"ऐकलंस?" काकी म्हणाल्या. "चल, ठेवते."

दिगुभाई फोनकडे बघत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. दिवाळीपासून माघापर्यंत पुरे तीन महिने होते. एक तपासणी, एक साचा, आठ दिवस. त्या दोघांना तीन महिने मिळाले असते. माणसांना ऐकू यावं म्हणून मी पगार घेते, आणि एक म्हातारी बाई दोन मिनिटं माझ्याशी बोलली ती मी ऐकली नाही. मी त्यांना हे तसंच सांगितलं, काही लपवलं नाही.

त्यांनी हार काढला, गुंडाळला. "बॅटऱ्या पाठवल्यास ना तू? वेळेवर आल्या होत्या," म्हणाले. मग स्वतःचा फोन पुढे केला. "हे मला यात घालून दे."

ब्लूटूथने मशीनला थेट आवाज जाईल असं दुसरं मशीन देते म्हटलं, तर नको म्हणाले. तारेतून येऊ दे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते वैशाखात. पुढे पावसाळ्यात ते गेले, आणि त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्या दिवशी मी मशीनची नळी बदलायला नागरवाड्यात गेले होते. दार उघडंच होतं. आत पंखा बंद होता. भिंती तापलेल्या, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. दिगुभाई हिंचक्याच्या एका बाजूला बसले होते, गळ्यात हार. रिकाम्या बाजूला उशीवर फोन उभा करून ठेवला होता, त्याच्यासमोर माइक. बनियन घामाने चिकटला होता. माझ्याकडे त्यांची पाठ होती आणि मशीन 'टी'वर होतं, त्यामुळे मी हाक मारून उपयोग नव्हता.

फोनवर काकींचा तो हळू आवाज चालू होता. मान हलवणं नव्हतं, 'बरोबर' नव्हतं. ते निश्चल बसून ऐकत होते. आगीचं आलं तेव्हा खांदे हलले, हसले असावेत. मग काकींनी विचारलं, अहो, चहा टाकू का?

हिंचका थांबला. फोनमधला तेवढा चालू राहिला.

"टाक," दिगुभाई म्हणाले. "अर्धा कप."